टाकीतला दगड, खानापूरचा जांभा आणि अथणीचे पाणी

बेळगावात दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पोरांना दगड लावायला कोणी शिकवत नाही. मोठा दगड मागे, उतार पुढे, चाळलेली माती वरून, आणि चार दिवसांत हिरवे दिसावे म्हणून अळीव. पाणवनस्पतींच्या टाकीत दगड-लाकूड मांडणारे आज हेच करतात. फरक एवढाच की किल्ला पंधरवड्यात मोडतो, आणि टाकीतला दगड वर्षानुवर्षे पाण्यात राहून त्यात काही ना काही सोडत असतो. या मांडणीचा इतिहासही दगड कसा दिसतो आणि पाण्याला काय करतो, या दोन गोष्टींभोवती फिरतो.

लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये आपल्या प्रयोगाची हकिकत मांडली. बारा गॅलनचे काचपात्र, म्हणजे सुमारे ५४ लिटर. आपल्याकडची दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटर धरते, तेव्हा माप जवळजवळ तेच. तळाला वाळू आणि गाळ, वर चुनखडीचे सच्छिद्र दगड आणि वालुकाश्म, दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचे रोप. पाने कुजून पाणी गढूळ झाले, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या; त्यांनी कुजका भाग खाल्ला आणि पाणी निवळले. दगड मात्र शोभेसाठी नव्हते. माशांना खाली शिरून आसरा घेता यावा, अशा बेताने ते रचले होते.

तीन वर्षांनी लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. मग श्रीमंत घरांत सिमेंटने चिकटवलेल्या गुहा आणि कमानी टाक्यांत आल्या. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी इतके अल्कधर्मी होते की मासे तगत नाहीत, म्हणून अशी रचना आधी कित्येक आठवडे भिजवावी लागे. आजही कोणी दगड सिमेंटने जोडले की हेच होते. जोडायचेच असतील तर सांध्यात कापसाचा बोळा ठेवून त्यावर सुपरग्लूचे थेंब सोडावेत, लगेच दगडासारखे घट्ट होते. त्या क्षणी कापूस चांगलाच तापतो आणि झोंबणारा धूर निघतो, म्हणून बोळा चिमट्याने धरावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

विसाव्या शतकात डच शौकिनांनी दगडाला जवळजवळ रजाच दिली. त्यांची टाकी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची बाग. रोपांच्या रांगा मागे निमुळत्या होत जातात आणि लाकूड फार तर पायरीला टेकू देण्यापुरते.

दगड पुन्हा मध्यभागी आणला तो जपानच्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) याने. निईगाताचा हा माणूस आधी व्यावसायिक सायकलपटू आणि नंतर निसर्ग-छायाचित्रकार होता. १९८२ मध्ये त्याने टाक्यांचे सामान बनवणारी ‘एडीए’ (अ‍ॅक्वा डिझाइन अमानो) ही कंपनी काढली आणि पुढच्या दशकातल्या त्याच्या पुस्तकांनी जगभर टाक्यांचे रूप पालटले. त्याची दगडांची मांडणी जपानी बागेतून आली. ‘साकुतेइकी’ या अकराव्या शतकातल्या बागशास्त्राच्या ग्रंथात दगडाचे म्हणणे ऐकून पुढचा दगड ठेवावा असे सांगितले आहे. मूळ जागी आडवा असलेला दगड उभा करू नये, उभा असलेला आडवा पाडू नये, अशी ताकीदही आहे. यात अंधश्रद्धेपेक्षा निरीक्षण जास्त आहे. खडकाचे थर एकाच दिशेला झुकलेले असतात. टाकीतल्या पाच दगडांचे थर पाच दिशांना गेले की ट्रकमधून ओतल्यासारखे दिसते. का ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकते.

या पद्धतीला इवागुमी म्हणतात. पाया त्रिमूर्तीचा: मुख्य दगड ओयाइशी, त्याच्या जोडीचा फुकुइशी, त्यांना आधार देणारा सोएइशी, आणि पायथ्याशी अर्धवट गाडलेले ‘टाकून दिलेले’ सुतेइशी. दगडांची संख्या विषम. दोन फुटी टाकीत ८ ते १२ किलो दगड पुरतो. ओयाइशी एका बाजूपासून सुमारे ३७ सेंटिमीटरवर, म्हणजे मध्याच्या थोडा पलीकडे. टोक पाण्याच्या दोन-तृतीयांश उंचीला यावे. माती पुढे ३ सेंटिमीटर, मागे ८ ते १०. आधी तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी, तिच्यावर दगड, मग माती, हा क्रम पाळावा. दगड मातीवर ठेवला आणि तळ उकरणारे मासे सोडले की महिन्याभरात तो कलतो, आणि दहा-बारा किलोतला मोठा धोंडा काचेवर आपटला तर काय होते ते सांगायला नको. नवख्यांची नेहमीची चूक दगड छोटे घेण्याची. जमिनीलगतची रोपे तीन-चार सेंटिमीटर वाढतात आणि सुतेइशी पार गिळून टाकतात. रिकाम्या टाकीत थोडा ओबडधोबड, जास्तच मोठा वाटणारा दगड सहा महिन्यांनी बरोबर दिसतो.

२००१ पासून एडीएच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या आणि पुढे डोंगरदऱ्या, जंगलवाटा यांची लघुरूपे टाकीत उभी राहू लागली. सुबक असतात, पण त्यांत दिवाळीच्या किल्ल्याचा अंश जास्त आणि पाण्याचा कमी, असे आमचे मत.

जपानचे पाणी मृदू. अमानोच्या टाक्यांतला निळसर करडा सेइर्यू दगड पाण्यात थोडा चुना सोडतो, तरी तिथे ते निभावते. रोपांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडला की पाणी आम्ल होते, चुना आणखी वेगाने विरघळतो आणि कठीणपणा चढत जातो. बेळगाव पट्ट्यात म्हणूनच दगडाआधी पाणी पाहावे लागते. खानापूरकडे घाटातले पावसाचे पाणी, शहराला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचे. या पाण्यात थोडा चुना खपतो. अथणी, रायबागकडच्या बोअरवेलचे पाणी मुळातच कठीण असते, त्यात चुनखडीचा दगड म्हणजे आगीत तेल. तिथे निम्मे आरओचे पाणी मिसळावे आणि दगड कटाक्षाने निर्धोक घ्यावा.

निर्धोक कोणता? दगड धुऊन वाळवावा आणि त्यावर शौचालय धुण्याच्या ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकावेत; हातमोजे घालूनच. फसफसला तर चुना आहे. निपाणी-चिकोडीकडचा काळा दगड सहसा गप्प राहतो, पण त्याच्या पोटात पांढऱ्या गाठी असतात आणि त्यांतल्या काही फसफसतात, म्हणून थेंब काळ्या भागावर नव्हे, त्या गाठीवर टाकावा. काळ्या रानातले चुनकंकर, म्हणजे चुन्याचे खडे, तर घेऊच नयेत. घटप्रभा जिथून कोसळते त्या गोकाकच्या जातीचा गारगोटीसारखा कठीण वालुकाश्म उत्तम: थर स्पष्ट, कडा धारदार, पाण्याशी देणेघेणे नाही. खानापूरचा जांभा, म्हणजे घरांच्या भिंतीतला चिरा, फसफसत नाही. भोकाभोकांचा असल्याने टाक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या महागड्या ड्रॅगन दगडाची आठवण करून देतो. लाल भुकटी मात्र बरेच दिवस सुटते. ताठ ब्रशने घासून, पाणी नितळ येईपर्यंत धुवावा. १९८०च्या दशकात जर्मन शौकीन रोपांना लोह मिळावे म्हणून टाकीच्या तळाला हाच जांभा भुकटी करून घालत.

दगड खाणीतल्या किंवा बांधकामाच्या टाकाऊतून घ्यावा. भीमगड अभयारण्यातून काहीही उचलणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

लाकडासाठी पेरूची छाटलेली फांदी किंवा जांभळाची मुळी चांगली. साल काढून सहा महिने वाळवावी, मग पाणी बदलत दोन-तीन तास उकळावी. तरी पाणी चहासारखे होईलच, ते माशांना अपायकारक नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो. तो लाकूड सडल्याचा नसतो. वॉरिंग्टनच्या गोगलगायींचे काम इथे झिंगे करतात, ते हा थर खाऊन टाकतात. चीक असलेले लाकूड नको. रुई, शेर, कण्हेर वर्ज्य. खानापूरच्या रानातला काजरा विषारी, आणि बिब्ब्याचे ओले लाकूड तासले तर हाताला फोड येतात.

लाकूड तरंगते, म्हणून त्याच्या बुडाला फरशीचा तुकडा स्टेनलेस स्क्रूने जोडतात. घरात उरलेली शहाबादी किंवा कडप्पा हाताशी असते, पण दोन्ही चुनखडीच. पाणी मृदू राखायला आरओ मिसळायचे आणि तळाला शहाबादी ठेवायची, असा प्रकार सर्रास दिसतो. त्यापेक्षा ग्रॅनाइट कापणाऱ्याकडून ओट्याचा टाकाऊ तुकडा घ्यावा. १५ बाय १० सेंटिमीटर पुरे, भोक तो तिथेच पाडून देतो.