जोना हेक्स (चित्रपट)

जोना हेक्स : अमेरिकन वेस्टर्न चित्रपट (२०१०). डीसी कॉमिक्सच्या त्याच नावाच्या चित्रकथेवर आधारित. दिग्दर्शन जिमी हेवर्ड. पटकथा मार्क नेव्हलडाइन व ब्रायन टेलर. प्रमुख भूमिकांत जॉश ब्रोलिन, जॉन माल्कोविच, मेगन फॉक्स आणि मायकेल फासबेंडर. लांबी ८१ मिनिटे. श्रेयनामावली वजा केल्यास जेमतेम सव्वा तास. वेस्टर्न चित्रकथांच्या रूपांतरांत फसलेले उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख सहसा होतो.

मूळ पात्र लेखक जॉन अल्बानो आणि फिलिपिनो चित्रकार टोनी डिझुनिगा यांचे. ते ‘ऑल-स्टार वेस्टर्न’ या चित्रकथा-नियतकालिकाच्या १० व्या अंकात प्रथम आले. अंकावर फेब्रुवारी-मार्च १९७२ असे छापले आहे. परंतु त्या काळी अंक छापील महिन्याच्या बऱ्याच आधी दुकानांत येत, त्यामुळे काही सूचींत १९७१ हे वर्ष आढळते. छापील तारीख धरणेच सोयीचे. १२ व्या अंकापासून नियतकालिकाचे नाव ‘विअर्ड वेस्टर्न टेल्स’ झाले. १९७७ मध्ये हेक्सला स्वतंत्र मालिका मिळाली आणि १९८५ पर्यंत तिचे ९२ अंक निघाले. तिचा मुख्य लेखक मायकेल फ्लायशर होता. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला, युद्धानंतरही दक्षिणेचा करडा गणवेश न उतरवणारा आणि इनाम लागलेल्या गुन्हेगारांचा माग काढून पोट भरणारा माणूस, ही पात्राची पक्की ओळख याच काळात ठरली.

उजव्या गालावरील जखम आणि वरच्या ओठापासून खालच्या ओठापर्यंत ताणलेली मांसाची दोरी हे पात्राचे व्यवच्छेदक चिन्ह. ते कसे सुचले याविषयी चित्रकाराचे स्वतःचे कथन उपलब्ध आहे : डॉक्टरकडे लावलेल्या, मधोमध दुभागलेल्या शरीररचनेच्या तक्त्यावरून. कथेतील कारण मात्र पहिल्या अंकात दिलेले नव्हते. ते स्वतंत्र मालिकेत १९७८ मध्ये आले. अपाची टोळीच्या प्रमुखाच्या मुलाशी कुऱ्हाडीचे द्वंद्व ठरते. हेक्सची कुऱ्हाड आधीच निकामी करून ठेवलेली असते, म्हणून तो नियम मोडून सुरी काढतो. शिक्षा म्हणून प्रमुख तापवलेल्या कुऱ्हाडीने त्याचा चेहरा डागतो. म्हणजे ही खूण अन्यायाची आहे, तशीच नियमभंगाचीही. चित्रपटात खलनायक क्वेंटिन टर्नबुल (माल्कोविच) त्याच्या गालावर स्वतःची आद्याक्षरे डागतो आणि ती पुसण्यासाठी हेक्स तापलेली कुऱ्हाड आपल्याच गालाला लावतो. प्रसंग पडद्यावर परिणामकारक आहे, पण त्यातून नायकाचा दोष नाहीसा होतो.

टर्नबुलच्या वैराबाबतही तेच. चित्रकथेत हेक्स गुलामगिरीच्या प्रश्नावर अस्वस्थ होऊन उत्तरेला शरण जातो, साथीदारांचा ठावठिकाणा सांगत नाही. पण त्याच्याबरोबर आलेल्या तांबड्या मातीवरून तळ शोधला जातो. कैद झालेल्यांची फोर्ट शार्लटमध्ये कत्तल होते, टर्नबुलचा मुलगा जेब मरतो आणि सारा दोष हेक्सवर येतो. चित्रपटात हेक्स रुग्णालय जाळण्याचा हुकूम नाकारतो आणि त्या झटापटीत जेब त्याच्याच हातून मरतो. सूड म्हणून टर्नबुल हेक्सची बायको व मुलगा जाळतो. मूळ कथेतील पत्नी मेई लिंग मारली जात नाही. हेक्सला बंदूक सोडवत नाही म्हणून ती मुलाला घेऊन नवऱ्याला सोडून जाते. ते दुःख सूडकथेत बसणारे नव्हते.

सर्वांत वादाचा बदल अतिमानवी शक्तीचा. क्रो आदिवासी हेक्सला मरणाच्या दारातून अर्धवट परत आणतात आणि तेव्हापासून तो प्रेताला हात लावून त्याच्याशी बोलू शकतो. स्पर्श असेपर्यंत प्रेत बोलते. या कल्पनेचे मूळ काही जण १९९३ पासून व्हर्टिगो या डीसीच्याच शाखेने काढलेल्या, जो आर. लॅन्सडेल व टिमथी ट्रुमन यांच्या लघुमालिकांत शोधतात. त्यांत भुतेखेते आहेत हे खरे. परंतु तेथील अद्भुत हेक्सच्या भोवती असते, त्याच्या अंगात नसते, म्हणून हे मत पूर्णपणे पटत नाही. पटकथेच्या दृष्टीने तोटा उघड आहे. माग काढणे हाच ज्याचा धंदा, त्याला पत्ता हवा असला की जेबची कबर उकरली की काम भागते.

निर्मितीत प्रथम नेव्हलडाइन व टेलर हेच दिग्दर्शन करणार होते. मतभेदांमुळे ते बाहेर पडले, पटकथा मात्र राहिली. हेवर्ड ॲनिमेशनमधून आलेला. त्याचा आधीचा चित्रपट ‘हॉर्टन हिअर्स अ हू!’ (२००८) संगणकीय ॲनिमेशनचा होता. चित्रण लुइझियानात झाले. पुनर्चित्रणासाठी फ्रान्सिस लॉरेन्स या दुसऱ्या दिग्दर्शकाची मदत घेण्यात आली. सांधे दिसतात : पूर्वकथा निवेदन व चित्रकथेच्या धर्तीच्या ॲनिमेशनपटात उरकली आहे आणि शेवटी जहाजावरील मारामारी व लाल मातीवरील स्वप्नवत मारामारी आलटूनपालटून दाखवल्याने दोन्हींची धार जाते. अपयशाचे खापर कोणी दिग्दर्शकाच्या अननुभवावर, तर कोणी संकलनावर फोडतात. लिखाण व चित्रीकरण वेगवेगळ्या सुरांत झाले आणि ते जोडण्याचे काम कात्रीवर सोपवले, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

कथानक १८७६ मधील, अमेरिकेच्या स्वातंत्र्यशताब्दीच्या तोंडावरचे. टर्नबुल एलाय व्हिटनीने आखलेले, नारिंगी चमकणाऱ्या गोळ्यांचे महास्त्र मिळवतो. व्हिटनी (मृत्यू १८२५) हा अमेरिकन संशोधक कापसातील सरकी काढण्याच्या यंत्रासाठी प्रसिद्ध होता; त्याच्या बंदुकीच्या कारखान्यामुळे हा संबंध अगदीच हवेतला नाही. हेक्सच्या घोड्याच्या दोन्ही बाजूंना गॅटलिंग (फिरत्या अनेक नळ्यांच्या) बंदुका आहेत. खरी गॅटलिंग दांडा हाताने फिरवून चालवावी लागे आणि ती सहसा चाकांच्या गाड्यावर असे.

नटसंच हीच चित्रपटाची खरी हळहळ. मायकेल शॅननचा डॉक क्रॉस विल्यम्स काही क्षणांपुरता उरला आहे. टर्नबुलचा हस्तक बर्क म्हणून फासबेंडरला गोंदलेले अंग आणि गोल टोपी मिळाली, माणूस मिळाला नाही. लान्स रेडिकचा शस्त्रे पुरवणारा स्मिथ, एडन क्विनचा राष्ट्राध्यक्ष ग्रँट, विल आर्नेटचा लेफ्टनंट ग्रास येतात आणि जातात. जेफ्री डीन मॉर्गनने जेब श्रेयाविना केला. फॉक्सच्या लायलाला वेश्यागृह व ओलीस राहणे यांपलीकडे फारसे काम नाही. ब्रोलिनची अडचण वेगळी : ओठांचा कोपरा कृत्रिम मांसाने ओढून धरला की प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण नीट उमटत नाहीत, तो बोलणे घशात ठेवतो आणि तेच भूमिकेला शोभते. संगीत मार्को बेल्ट्रामी व अटलांटाचा मेटल वाद्यवृंद मॅस्टोडॉन यांचे.

१८ जून २०१० रोजी, ‘टॉय स्टोरी ३’च्याच दिवशी, चित्रपट प्रदर्शित झाला. खर्च सुमारे ४.७ कोटी डॉलर, जगभरातील उत्पन्न सुमारे १.१ कोटी. वाईट चित्रपटांना उपहासाने दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारांच्या नामांकनांत ‘सर्वांत वाईट जोडी’ म्हणून ब्रोलिनचा चेहरा व फॉक्सचे उच्चार यांची वर्णी लागली. पुढच्याच महिन्यात डीसीने लॅन्सडेलच्या पटकथेवरील सुमारे १२ मिनिटांचा ॲनिमेशनपट काढला. आवाज थॉमस जेनचा. त्यात हेक्स प्रेतांशी बोलत नाही, गुन्हेगाराचा माग काढतो.