वाचनालयातली कुमारांची काव्यस्पर्धा: नियम आले कुठून?

‘वयोगट 13 ते 18. कविता स्वरचित व अप्रकाशित असावी. जास्तीत जास्त 20 ओळी. कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य अक्षरात लिहावी.’ गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर अशी सूचना दरवर्षी लागते आणि ती बहुधा मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवलेली असते. या चार ओळींतली प्रत्येक अट वेगळ्या काळातून आलेली आहे. ती कुठून आली हे समितीला ठाऊक नसलं, की स्पर्धेचा दिवस आयत्या वेळच्या वादात जातो.

आपल्याकडची जुनी वाचनालयं मुलांसाठी निघालेली नव्हती. रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं 1848 चं, कोल्हापूरचं 1850 चं. या संस्था वर्गणीदार मोठ्या माणसांच्या होत्या. मुलांना कविता भेटायची ती शाळेत, आणि तीही पाठ करण्यासाठी. परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी जुन्या कवितांचे वेचे निवडून ‘नवनीत’ काढलं ते 1854 मध्ये. श्लोक, आर्या, ओव्या चालीवर म्हणता आल्या की कविता आली, असा तो हिशेब. आजची पाठांतर स्पर्धा या वळणाची आहे. त्यामुळे फलकावर नुसतं ‘काव्यस्पर्धा’ लिहिलं, की काही मुलं पाठ्यपुस्तकातली कविता घोकून येतात, काही स्वतःची लिहून आणतात, आणि परीक्षकांपुढे दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत येतात. ‘स्वरचित काव्यलेखन’, ‘कविता वाचन’ की ‘पाठांतर’, हे पहिल्याच ओळीत लिहावं.

अठराच्या आतल्या मुलाने स्वतःची कविता मोठ्यांच्या सभेत म्हणावी, याचं ठळक उदाहरण 1907 सालचं आहे. जळगावला कविसंमेलन भरलं, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे नाव मागे पडलं, पदवीच राहिली. ही काही स्पर्धा नव्हती, गुण नव्हते, गट नव्हता. मुलगा मोठ्यांच्याच पंक्तीला बसला होता. वयोगट ही नंतरची सोय, आणि तिच्यातही घोळ आहेच. खो-खोच्या मैदानावर ‘किशोर’ म्हणजे चौदाच्या आतले आणि ‘कुमार’ म्हणजे अठराच्या आतले. साहित्याच्या कार्यक्रमांत हे शब्द हवे तसे फिरतात. पंधरा वर्षांच्या मुलीला आपण कोणत्या गटात हे कळत नाही. गटाच्या नावापुढे जन्मतारखेची मर्यादा छापली की प्रश्न मिटतो. इयत्ता लिहून भागत नाही, कारण आयटीआयला गेलेली किंवा शाळा सुटलेली मुलंही वाचनालयाची सभासद असतात.

1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ उभं राहिलं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली नावं. कविता गाऊन सादर करण्याची गोडी या मंडळाने महाराष्ट्राला लावली. ती अजून सुटलेली नाही, आणि स्पर्धेत ती अडचणीची ठरते: गळा चांगला असलेल्या मुलाची बेताची कविता वर जाते. उपाय साधा आहे. आधी कागदावरची कविता तपासून गुण बंद करायचे, मग दहा-बारा जणांना वाचायला बोलवायचं, प्रत्येकी तीन मिनिटं. सादरीकरणाला वेगळं बक्षीस ठेवावं. दोन्ही गुणांची बेरीज करू नये.

ओळींच्या मर्यादेला मात्र मोठी परंपरा नाही, ती परीक्षकांच्या वेळेची तजवीज आहे. रचनेबद्दलचा वाद जुना आहे. केशवसुतांनी 1892 च्या सुमारास चौदा ओळींचं सुनीत (सॉनेट) मराठीत आणलं, तेव्हाही वृत्त कायमच होतं. 1930 नंतर कवी अनिल यांनी ठरावीक वृत्त न पाळणारा मुक्तछंद रुजवला, 1947 मध्ये मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ आल्या. आज मुलांच्या वह्यांत अष्टाक्षरी, म्हणजे ओळीला आठ अक्षरांची रचना, आणि चारोळी फार. अष्टाक्षरीत जोडाक्षर एकच धरतात. ‘पावसाच्या थेंबातून’: पा, व, सा, च्या, थें, बा, तू, न. झाली आठ. इथवर ठीक. पण आठाचा आकडा गाठायला मुलं ‘ही’, ‘तो’, ‘रे’ पेरतात, आणि यमकासाठी ‘मन’पुढे ‘क्षण’ येतो तो येतोच. मुक्तछंदात उलटं होतं: निबंधाचं वाक्य चार ठिकाणी मोडून खाली खाली लिहिलेलं. दोन्ही ओळखायची खूण एकच. कविता मोठ्याने वाचावी आणि ओळ जिथे तुटते तिथे आवाज थांबतो का, ते पाहावं.

‘अप्रकाशित’ ही अट छापील मासिकांच्या जगातली. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतं, तिथे छापून आलेली कविता पुन्हा स्पर्धेला नको, इतका तिचा सरळ अर्थ होता. आता स्टेटसला ठेवलेली किंवा वर्गाच्या ग्रुपवर टाकलेली कविता प्रकाशित धरायची का? आमच्या मते धरू नये. नाहीतर लिहिणारी निम्मी मुलं बाद होतील. पण नियमात तसं स्पष्ट लिहावं लागतं.

कायद्याने वाचनालयांना थोडा टेकू दिला. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. राज्याचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 चा. वाचनालयं संस्थांचीच राहिली, शासनाचं अनुदान अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणे येऊ लागलं, आणि वर्षातले कार्यक्रम अहवालात मांडायची पद्धत रुळली. मग कार्यक्रमांना तारखा हव्यात. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस 27 फेब्रुवारी सगळ्यांच्या आवडीचा, पण त्या सुमारास दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. म्हणजे वयोगटाचा वरचा निम्मा भाग घरी बसलेला. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या आगेमागे सहामाही. 14 ते 20 नोव्हेंबरचा ग्रंथालय सप्ताह बरा, मात्र दिवाळी उशिरा असेल त्या वर्षी सुट्टी त्यात घुसते.

निनावी तपासणी ही कामाची बाजू सगळ्यात जास्त बिघडते. कवितेच्या पानावर नाव नको. नाव, जन्मतारीख, पालकांचा फोन वेगळ्या चिठ्ठीवर. दोन्हींवर एकच क्रमांक, आणि क्रमांकांची यादी फक्त ग्रंथपालाकडे. शाळेच्या वहीचं पान असेल तर वर शाळेचं नाव छापलेलं असतं, म्हणून साधा फुलस्केप मागावा. परीक्षक त्याच गावातले शिक्षक असतील तर ते अक्षरावरून मूल ओळखतात. अशा वेळी कविता टाइप करून घेतलेल्या बऱ्या. टाइप युनिकोडमध्येच करावा. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या परीक्षकाकडे उघडली की मराठीच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग दिसते.

गुणांचं म्हणाल तर एक परीक्षक 50 पैकी 20 ते 45 देतो, दुसरा 30 ते 36. बेरीज केली की पहिल्याचंच मत चालतं. त्यापेक्षा प्रत्येकाने क्रम लावावा आणि क्रमांकांची बेरीज घ्यावी. ज्याची सर्वांत कमी, तो पहिला. कविता दुसऱ्याने किंवा मशिनने लिहून दिल्याचा संशय आला तर आरोप करू नये. वाचनाच्या वेळी ‘हा शब्द इथे का घेतलास?’ एवढं विचारावं. स्वतः लिहिणारं मूल त्यावर बोलायला लागतं, बहुतेक वेळा तीन मिनिटांपेक्षा जास्त.

तारखेचा एक पर्याय फारसा कोणी वापरत नाही. ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस, म्हणजे ग्रंथपाल दिन, 12 ऑगस्टला. बालकवी ठोंबऱ्यांचा जन्म 13 ऑगस्ट 1890 चा. शाळा सुरू होऊन दोन महिने झालेले असतात, परीक्षा लांब असते, आणि बाहेर श्रावणाचे दिवस असतात.