खाजनातला खार आणि काचेच्या थाळीतले वलय

मार्च-एप्रिलमध्ये मांडवीच्या काठावरचे तिवराचे पान जिभेला लावून पाहावे. खारट लागते. पानाच्या ग्रंथी मीठ बाहेर टाकतात आणि दुपारच्या उन्हात त्याचे बारीक कण पानावर चमकतात. शेजारीच उभा असलेला कांदळ तसे करत नाही; तो बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो. एकाच चिखलात, एकाच भरती-ओहोटीत उभ्या असलेल्या या दोन खारफुटी झाडांनी खाराशी दोन वेगळे करार केले आहेत. गोव्यात औषधी वनस्पतींवर आणि जंतुनाशक गुणांवर जे संशोधन झाले, त्याची कथा या खारापासून सुरू करायला हवी होती. प्रत्यक्षात ती सुरू झाली प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीपासून, आणि खार बाहेरच राहिला.

जुना इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. 1534 साली गोव्यात आलेल्या एका पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधांवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यातली बरीचशी माहिती इथल्या वैद्यांकडून, ज्यांना पोर्तुगीज ‘पंडित’ म्हणत त्यांच्याकडून आलेली. अतिसारावरच्या एका झाडाचे वर्णन त्यात आहे, ते आपला कुडा असावा असे काही अभ्यासक मानतात. त्या काळच्या पोर्तुगीज लिखाणात पटकीला आपल्याच ‘मोडशी’वरून पडलेले नाव आहे, पुढे फ्रेंचांनी त्या नावाचा अपभ्रंश करून चक्क ‘कुत्र्याची मौत’ असा अर्थ काढला. शंभर-सव्वाशे वर्षांनी कोचीत तयार झालेल्या बारा खंडी वनस्पतीग्रंथात तिघा सारस्वत वैद्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र छापलेले आहे. 1842 साली पणजीत वैद्यकीय शाळा निघाली आणि त्यानंतर गावठी औषध हळूहळू परसदारी गेले. किराईत मात्र घरात राहिला. तापावर आजीने पाजलेला तो कडू काढा आठवत नाही असा माझ्या पिढीतला गोवेकर मला तरी भेटलेला नाही.

खाजनाची गोष्ट याहून जुनी आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची. सहाव्या शतकाच्या आसपासच्या ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द येतो. नदीच्या काठाने चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचे बांध घालून, भरतीचे पाणी अडवून केलेली ही शेती आज सुमारे 18 हजार हेक्टर सांगितली जाते. बांधात ठिकठिकाणी मानस असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलत उघडतात. पहिल्या पावसांनी जमिनीतला खार धुऊन निघाला की पेरणी. एवढे करूनही खार पुरता जात नाही, म्हणून तिथे कोरगुट पेरायचा. उंच वाढणारा, कुसळांचा, तांबड्या दाण्याचा, उत्पन्नाला बेताचा आणि वारा सुटला की आडवा पडणारा हा भात. पण जमिनीची क्षारता मीटरमागे 3 डेसिसायमनच्या पुढे गेली की सामान्य भाताचे उत्पन्न घसरू लागते, तिथे कोरगुट तग धरतो. केरळातल्या पोक्कळीचा हा भाऊबंदच. पोक्कळीमधला खार सोसण्याचा गुण पहिल्या गुणसूत्राच्या एका भागाशी निगडित असल्याचे दिसले आणि जगभरच्या भातसंशोधकांचे लक्ष अशा किनारी वाणांकडे गेले. गोव्यात गेल्या दशकात कोरगुटातूनच शुद्ध निवड करून ‘गोवा धान’ मालिकेतले पहिले दोन वाण निघाले.

दरम्यान खाजनच बदलत होते. पूर्वी बांधांची निगा गावकारीकडे, म्हणजे गावाच्या सामूहिक संस्थेकडे होती. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी जमीन कसणाऱ्याची झाली. ते न्याय्यच होते. पण बांध कोणाचे, हा प्रश्न कुळांच्या संघटनांवर येऊन पडला, आणि भातापेक्षा मानशीच्या लिलावात, म्हणजे मासळीत, पैसा जास्त दिसू लागला. मासळीसाठी खारे पाणी आत हवे, भातासाठी बाहेर. बांध फुटले, काही ठिकाणी फुटू दिले गेले, शेतात खारफुटी शिरली. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने खारफुटीला संरक्षण दिले. तेव्हापासून ज्याच्या शेतात तिवर उगवले त्याला ते उपटता येत नाही आणि तिवर आहे तोवर शेत करता येत नाही. पर्यावरणवादी एक बाजू सांगतात, शेतकरी दुसरी. मला शेतकऱ्याची बाजू अधिक पटते, हे इथेच सांगून टाकतो. वनस्पतीशास्त्राच्या नजरेने मात्र या भांडणाने एक चमत्कारिक स्थिती तयार केली: खार सोसणारे भात आणि खारातच जगणारी औषधी झुडपे एकाच बांधाच्या दोन बाजूंना, कधी एकाच बाजूला.

या दोन्हींचा अभ्यास करणारे लोक मात्र एकमेकांच्या खोलीत फारसे गेले नाहीत. याचा थोडा दोष शब्दाचाही आहे. शेतकरी ‘ताण’ म्हणतो तेव्हा त्याला बागेचे पाणी ठरवून तोडणे अभिप्रेत असते. बहार धरण्यासाठी तो ताण देतो, ताण तोडतो. शेतीशास्त्रज्ञाचा ताण म्हणजे खार, दुष्काळ, उष्णता, पाणी साचणे हे सगळे, आणि त्याला हवी असते ‘सहनशीलता’. सूक्ष्मजीवशास्त्रातही सहनशीलता आणि प्रतिरोध हे दोन शब्द आहेत, पण अर्थ निराळे: प्रतिरोधक जंतू औषधाच्या जास्त मात्रेतही वाढत राहतो, सहनशील जंतू वाढत नाही, फक्त सावकाश मरतो. एका परिसंवादात एकाच व्यासपीठावर हे शब्द तीन अर्थांनी वापरले गेलेले मी ऐकले आहेत. कोणी कोणाला अडवले नाही.

1966 साल इथे सोयीचे आहे. त्याच वर्षी सागरविज्ञानाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, जी पुढे दोना पावलला आली. त्याच वर्षी अमेरिकेत कागदी चकतीची जंतुचाचणी प्रमाणित झाली. पुढच्या दोन-तीन दशकांत गोव्याच्या खाडीतली शेवाळे, स्पंज, खारफुटी यांचे अर्क काढून त्यांचे गुण तपासण्याचे काम सुरू झाले. 1985 साली विद्यापीठ झाल्यावर पदव्युत्तर प्रकल्पांची भर पडली. आणि सगळीकडे तीच चकती.

तिच्याबद्दल थोडे सविस्तर. काचेच्या थाळीत आगर, म्हणजे जंतू वाढवायचा जेलीसारखा थर, 4 मिलीमीटर जाडीचा ओतायचा, त्यावर जंतू पसरायचे, औषध भिजवलेली 6 मिलीमीटर व्यासाची चकती ठेवायची, आणि थाळी रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी चकतीभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वलय दिसते. ते मोजायचे. ही पद्धत ठरली ती शुद्ध, मात्रा माहीत असलेल्या, आगरात सहज पसरणाऱ्या औषधांसाठी. डॉक्टरला रुग्णाच्या जंतूवर कोणते औषध चालेल हे कळावे म्हणून. वनस्पतीच्या कच्च्या अर्कासाठी ती उसनी घेतली गेली, कारण स्वस्त होती आणि एका आठवड्यात तक्ता तयार होत असे.

मग गडबड सुरू झाली. पाण्यात न विरघळणारे रेणू आगरात पसरतच नाहीत, त्यामुळे खरोखर प्रभावी द्रव्य असूनही वलय दिसत नाही. उलट टॅनिनसारखी तुरट द्रव्ये समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात आणि थाळीत जवळपास सगळ्याच जंतूंना थोपवतात. माणसाच्या शरीरात त्यांचा तसा उपयोग होत नाही. निबंधांत 8 मिलीमीटरचे वलय ‘लक्षणीय’ ठरते, त्यातले 6 मिलीमीटर नुसत्या कागदाचे असतात. मात्रेचा प्रश्न तर याहून मोठा. मिलिलिटरमागे 100 मायक्रोग्रॅमपर्यंत जंतूची वाढ थांबत असेल तर कच्चा अर्क पुढे नेण्याजोगा, असा एक सर्वसाधारण दंडक आहे. कित्येक तक्त्यांत मात्रा मिलिलिटरमागे 50 मिलीग्रॅम असते, म्हणजे पाचशेपट. अशा मात्रेत स्वयंपाकघरातले निम्मे जिन्नस ‘जंतुनाशक’ ठरतील.

हे आक्षेप जुने आहेत आणि जगभर घेतले गेले आहेत. दुसऱ्या बाजूचेही एक म्हणणे आहे, ते सोडून देण्यासारखे नाही: वनस्पती एका द्रव्यावर विसंबत नाही, म्हणून अर्काला शुद्ध औषधाचे माप लावणे चूक. याला 2000 सालच्या एका शोधाचा आधार मिळाला. दारुहळदीच्या कुळातल्या काही झाडांत बर्बेरिन या जंतुविरोधी द्रव्याबरोबर आणखी एक द्रव्य सापडले. ते स्वतः जंतू मारत नाही. जंतू बर्बेरिन बाहेर फेकण्यासाठी जो पंप वापरतो, तो पंपच ते बंद पाडते. दोन्ही वेगळी केली तर एक दुबळे, दुसरे निरुपयोगी. तेव्हा कच्च्या अर्काचा पक्ष अगदीच पोकळ नाही. पण तो पक्ष मांडणाऱ्यांपैकी किती जणांनी असा जोडीदार शोधून दाखवला, हे विचारले की सभागृह शांत होते.

माझा आक्षेप मात्र निराळा आहे, आणि तो मला माझ्याच फजितीतून सुचला. पदव्युत्तर प्रकल्पात मी मारांडीच्या पानांचा अर्क काढला होता. खाडीकाठचे काटेरी पानांचे, निळ्या फुलांचे हे झुडूप. पहिल्या खेपेला चांगले रुंद वलय आले आणि मला स्वर्ग दोन बोटे उरला. पाच महिन्यांनी पुन्हा पाने आणली, पुन्हा चकती ठेवली, वलय जेमतेम. जंतू तोच, द्रावक तोच, माझा हातही तोच. मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, पहिली पाने कोणत्या महिन्यातली? माझ्या नमुन्याच्या पाकिटावर गावाचे नाव होते, महिना नव्हता. बांधाच्या आतली की बाहेरची, तेही नव्हते. पहिली मेमधली आणि दुसरी ऑक्टोबरमधली, हे मी बसच्या तिकिटांवरून ताडले.

मे आणि ऑक्टोबर यांच्यामध्ये गोव्यात सुमारे 3 हजार मिलीमीटर पाऊस पडतो. मेमध्ये खाडीचे पाणी जवळपास समुद्राइतके खारे असते, जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या अंगाला ते गोडेच होऊन जाते. झाडाच्या रसायनशास्त्राला याने फरक पडतो. या शतकाच्या सुरुवातीला ओडिशात एका खारफुटी प्रजातीवर झालेल्या प्रयोगांत, समुद्राच्या साधारण दोन-तृतीयांश खारटपणात वाढवलेल्या रोपांच्या पानांत पॉलिफिनॉल वाढलेले आढळले. कारण समजण्यासारखे आहे. खारामुळे पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू वाढतात, त्यांना निपटायला झाड फिनॉल वर्गातली द्रव्ये करते. त्यातलीच काही कीड आणि बुरशीलाही दूर ठेवतात. मारांडीत सापडणारे बेन्झोक्साझोलिनोन हे द्रव्यही याच जातीचे: मका आणि गहू यांसारखी तृणकुळातली पिके त्याच्या जवळच्या रेणूंनी स्वतःचा बचाव करतात. म्हणजे थाळीतले वलय हे पुष्कळदा झाडाने सोसलेल्या खाराचे माप असते. गावोगावचे जाणकार ‘पाला अमुक नक्षत्रात काढा, अमुक जागचा नको’ म्हणतात, ते आम्ही लोककथेच्या सदरात टाकले आणि पाकिटावर लिहायचे विसरलो.

त्यामुळे चार दशकांतले अनेक तक्ते एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. एकाच झाडाला एक निबंध प्रभावी म्हणतो, दुसरा निष्प्रभ, आणि दोन्ही खरे असू शकतात. खाजनातल्या भाताच्या प्रयोगांत क्षारतेची नोंद पहिल्या रकान्यात असते. तीच नोंद बांधापलीकडच्या औषधी झुडपासाठी कोणी ठेवली नाही, कारण ते दुसऱ्या विभागाचे काम.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लक्ष झाडावरून सरकून झाडाच्या आत आणि मुळाशी गेले. 2005 मध्ये सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाच्या आत राहणारी एक बुरशी कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य स्वतःच बनवू शकते असे प्रसिद्ध झाले, आणि औषध झाडाचे की पाहुण्याचे, हा प्रश्न खारफुटीलाही विचारला जाऊ लागला. रायबंदरच्या मिठागरांतले मीठप्रेमी सूक्ष्मजीव, खाडीच्या गाळातले ॲक्टिनोबॅक्टेरिया गटातले जंतू यांवर गोव्यात बरेच काम झाले. त्याला अर्थही आहे, कारण वापरातल्या नैसर्गिक प्रतिजैविकांचा मोठा भाग मातीतल्या याच गटाने दिला आहे. 2017 साली प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची जागतिक अग्रक्रम यादी आणि भारताचा कृती आराखडा दोन्ही आले. तेव्हापासून प्रत्येक प्रकल्प-प्रस्तावाची सुरुवात त्या यादीने होते. यादीतल्या अतितातडीच्या जंतूंना दुहेरी आवरण असते आणि वनस्पतीज द्रव्ये त्यांच्यावर सहसा दुबळी पडतात, ही गोष्ट प्रस्तावात खूप खाली येते.

कायद्याचे एक टोक उरते. 2002 च्या जैवविविधता कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि ती 2024 च्या एप्रिलपासून लागू झाली. तिने ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’ लाभ-वाटपाच्या, म्हणजे ज्ञान राखणाऱ्यांना फायद्यातला वाटा देण्याच्या, अटीतून सोडवले. संहिताबद्ध म्हणजे 1940 च्या औषध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या ग्रंथांत असलेले. काणकोणच्या डोंगरावरची वेळीप या आदिवासी समाजातली बाई जो पाला दाखवते तो त्या ग्रंथांत नसेल तर तिच्या समाजाचा वाटा कागदावर शाबूत राहतो. मात्र तो मागायला पाला कोणी, कुठे, केव्हा दाखवला याची नोंद लागते, आणि पाकिटावर तीही नसते. निबंधात ती बाई ‘स्थानिक लोकांच्या माहितीनुसार’ या तीन शब्दांत उरते.