पेट्रोल उकळलं की करंट गेला? तापून बंद पडणाऱ्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचे दोन सारखे दिसणारे आजार

तापलेली जुनी गाडी ट्रॅफिकमध्ये बंद पडली की मुंबईत जमलेल्या चार जणांपैकी तिघं एकच निदान सांगतात: व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची लाइनमध्येच वाफ होऊन वाट अडली. बॉनेट उघडतं, पाण्याची बाटली येते, ओला फडका पडतो, वीस मिनिटांनी गाडी सुरू होते आणि निदान पक्कं झालं असं सगळे धरून चालतात. पण त्या वीस मिनिटांत फक्त पेट्रोलची लाइन निवलेली नसते. ठिणगीचं व्होल्टेज बनवणारी कॉइल, कंडेन्सर, प्रत्येक प्लगला करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर (मिस्त्रींचा डेल्को), सगळंच निवलेलं असतं. फडक्याने गाडी चालू झाली म्हणून दोष पेट्रोलचाच, असं काही त्यातून ठरत नाही. शिवाय गाडी निवली की पुरावाही गेला. म्हणून जे काय बघायचं ते पहिल्या दोन-तीन मिनिटांत, फडका टाकण्याआधी.

फडका आला कुठून, हे समजण्यासारखं आहे. तो आला काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीकडून, जी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची उतरली. तिचा पेट्रोल पंप यांत्रिक, थेट इंजिनाच्या ब्लॉकला बोल्ट केलेला. टाकी मागे, पंप पुढे, म्हणजे पंप पेट्रोल ओढून घेतो. ओढणाऱ्या लाइनमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो आणि कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं. मग डायफ्रॅम वाफच दाबत-सोडत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. तिथे पंपावर ओला फडका हा अगदी बरोबर इलाज होता. ट्रायम्फ स्पिटफायर या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचा पंपही असाच इंजिनावर, त्यामुळे तिलाही तो लागू पडतो.

एमजीबी या दुसऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारला मात्र नाही. तिचा एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप मागे, टाकीजवळ असतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. लाइन दाबाखाली, त्यामुळे पुस्तकी व्हेपर लॉक तिथे क्वचितच होतो. तिचं दुखणं वेगळं आहे: दोन्ही एसयू कार्बोरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावरच बसलेले. इंजिन चालू असताना आत येणारी हवा आणि ताजं पेट्रोल त्यांना थंड ठेवतं. इंजिन बंद केलं की ही थंडाई थांबते, मॅनिफोल्डची धग वर चढते आणि दहा-पंधरा मिनिटांत फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल उकळायला लागतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: गाडी चालता चालता मेली, की चांगली चालत होती, थांबवली आणि मग सुरू होईना? दुसऱ्या प्रकारात पेट्रोलवर संशय घ्यायला जागा आहे. अशा वेळी चोकला हात लावू नका. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा, म्हणजे सांडलेली वाफ हवेबरोबर निघून जाईल. पंपिंग करू नका. चालता चालता मेली असेल, तर आधी करंट तपासा.

मरण्याची तऱ्हाही वेगळी असते. पेट्रोल कमी पडलं की इंजिन अडखळतं, आचके देतं, ॲक्सिलरेटर दाबला तर आणखी दम सोडतं, आणि चोक थोडा ओढला तर क्षणभर सावरतं. करंट गेला की गाडी चावी फिरवल्यासारखी पटकन तुटते, किंवा आधी मिसिंग देते आणि सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. चोकने काडीचाही फरक पडत नाही.

आरपीएमचा काटा इथे सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. इलेक्ट्रिक टॅकोमीटर कॉइलच्या प्रायमरीतल्या (बॅटरीकडच्या गुंडाळीतल्या) करंटवर चालतो. गाडी गिअरमध्ये घरंगळत आहे, म्हणजे इंजिन फिरतंच आहे, आणि काटा मात्र धाडकन शून्यावर आला, तर प्रायमरी सर्किट तुटलं: पॉइंट (डेल्कोतले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), त्यांची वायर, कॉइलची प्रायमरी किंवा इग्निशन स्विच. काटा इंजिनाबरोबर हळूहळू खाली आला, तर पेट्रोल बघा. दोन पळवाटा लक्षात ठेवा. अगदी सुरुवातीच्या एमजीबीचा टॅकोमीटर केबलवर चालायचा, तो यातलं काहीच सांगणार नाही. आणि बिघाड कॉइलच्या सेकंडरीत (प्लगकडच्या गुंडाळीत) किंवा रोटरमध्ये (डेल्कोत फिरून करंट वाटणाऱ्या तुकड्यात) असेल, तर करंट प्लगपर्यंत पोहोचत नसूनही काटा शाबूत राहील.

गाडी कडेला घेतलीत की चावी ऑन करून कान द्या. एसयू पंपाची टकटक दोन-चार ठोक्यांत थांबली, तर चेंबर भरलेले आहेत. टकटक भराभर चालूच राहिली, तर पंपाला पेट्रोलऐवजी हवा किंवा वाफ मिळते आहे. अजिबात आवाज नाही, तर एक तर चेंबर भरलेले आहेत किंवा पंपाचे स्वतःचे पॉइंट चिकटलेत. पंपावर हलकी टपली मारून चालू झाला, तर दोष तिथे. त्याच वेळी टाकीचं झाकण उघडा. आत हवा खेचल्याचा फुस्स आवाज आला, तर झाकणाचं भोक बुजलेलं आहे. टाकीत व्हॅक्यूम तयार होऊन पेट्रोल अडतं, आणि तेही लोक व्हेपर लॉकच्याच खात्यावर टाकतात. चावी मात्र मिनिटभराहून जास्त ऑन ठेवू नका. कॉइलचे पॉइंट एकमेकांना टेकून थांबले असतील, तर सगळा करंट कॉइलमधून वाहत राहतो. चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसणं हा कॉइल भाजण्याचा राजमार्ग आहे.

आता ठिणगी. जास्तीचा प्लग कॉइलच्या मुख्य वायरला लावा, त्याची धातूची बाजू ब्लॉकला टेकवा, पेट्रोलपासून लांब, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. जाड, निळी, टच्च आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक, मरतुकडी ठिणगी म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर. फ्लोट चेंबरचं झाकण उघडं असताना ही तपासणी चुकूनही करू नये.

कॉइलबाबत सगळ्यात जास्त गफलत रेझिस्टन्सची होते. बॅलास्ट (कॉइलआधी लावलेला वेगळा रेझिस्टर) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी सुमारे ३ ओहम असते; बॅलास्टबरोबर वापरायची कॉइल सुमारे दीड ओहम. दिसायला दोन्ही सारख्याच, आणि दुकानात ‘एमजीची द्या’ म्हटलं तर कुठलीही हातात पडू शकते. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावली, तर १४ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर करंट जातो, ३ ओहमच्या कॉइलमधून मात्र पाचाच्या आत. गाडी सुरुवातीला झकास चालते, मग कॉइल हात लावू देत नाही आणि पॉइंट जळतात. मल्टिमीटर घेऊन दुकानात जाणंच बरं. गरम कॉइल मोजलीत, तर तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो हे विसरू नका: २५ अंशांना ३ ओहम असलेली कॉइल ८० अंशांना साधारण ३.६ दाखवते. ती ठीक आहे. मीटर अनंत दाखवू लागला, तर गेली. कॉइल इंजिनाला चिकटून बसवलेली असेल, तर वायरी लांबवून ती इनर विंगवर हलवा. फुकटात होणारी ही सुधारणा आहे. १९६७ पर्यंतच्या पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेल्या) गाड्या पुढे निगेटिव्ह केलेल्या असतात आणि कॉइलच्या दोन वायरी तशाच राहून जातात. ठिणगी उलट्या पोलॅरिटीने पडते, तिला जास्त व्होल्टेज लागतं, आणि थंड इंजिनाला खपून गेलेलं तापल्यावर खपत नाही.

कंडेन्सर, म्हणजे पॉइंटला जोडलेला छोटा कपॅसिटर, हा स्वस्तातला खरा गुन्हेगार. तो आतून ओपन झाला, तर पॉइंटवर ठिणग्या उडतात, पॉइंट निळे-काळे पडतात आणि सायलेन्सरमध्ये फटाके. शॉर्ट झाला, तर गाडी जागीच ठार. तापल्यावरच बिघडणारा कंडेन्सर मीटरवर थंडपणी चांगलाच दाखवतो, म्हणून मोजत बसण्यापेक्षा बदलून बघावा. लॅमिंग्टन रोडला ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर किरकोळ किमतीत मिळतो. त्याच्या एका पायाला अर्थसाठी आणि दुसऱ्याला कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलसाठी मगर क्लिप लावून ठेवा. जुना ओपन असेल, तर नुसता जोडल्याने गाडी उठते. शॉर्ट असेल, तर आधी जुन्याची वायर सोडवावी लागते.

रोटरचा रिवेटही तपासा. नव्याने बनलेल्या बऱ्याच रोटरमध्ये पितळी पट्टीच्या रिवेटमधून करंट खालच्या शाफ्टला गळतो, आणि मुंबईच्या दमट हवेत जास्तच. कॅप काढा, कॉइलची मुख्य वायर इन्सुलेटेड पक्कडीने रोटरच्या मधल्या पट्टीपासून ५-६ मिलीमीटरवर धरा आणि सेल्फ मारा. रोटरवर ठिणगी पडली, तर रोटर गळका. रिवेट नसलेला रोटर घ्या. पॉइंटच्या प्लेटखालची बारीक लवचिक वायर व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या हालचालीने आतून तुटते; वरचं आवरण शाबूत, आत धागे दोनच. ल्युकासच्या २५डी४ डेल्कोला पॉइंट गॅप ०.३५ ते ०.४० मिलीमीटर, ड्वेल (पॉइंट टेकलेले राहण्याचा कोन) ६० अंश.

दोष खरोखर पेट्रोलचाच निघाला, तर कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधली हीट शील्ड जागेवर आहे का, तिची इन्सुलेशन मॅट झडलीय का आणि उष्णता अडवणारे फिनॉलिक स्पेसर तडकलेत का, ते बघा. ठिणगीचं टायमिंग मागे (उशिरा) असलं, तरी एक्झॉस्ट प्रमाणाबाहेर तापतं. पंपाचा जोर थंड इंजिनावर, अग्निशामक शेजारी ठेवून मोजा: कार्बोरेटरची नळी बाटलीत सोडली, तर अर्ध्या मिनिटात साधारण अर्धा लिटर यायला हवं.

ई-२० ने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने) दोन्ही बाजूंना भर घातली आहे. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलच्या घटकांशी मिसळलं की त्याहून कमी तापमानाला वाफ धरतं. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. एसयूच्या एचएस४ कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारी नळी) ब्रिजच्या पातळीपासून दोन पूर्ण फेरे खाली हे मूळ सेटिंग. त्यावर जेट नट एक-दोन कडा आणखी खाली घेऊन पिस्टन पाऊण मिलीमीटर उचलून बघा. इंजिन बंद पडू लागलं, तर अजून पातळ; आरपीएम वाढून वरच राहिला, तर जाड; किंचित वाढून परत स्थिरावला, तर बरोबर. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि आतून सुटतात. एसएई जे३०आर९ छापलेलीच नळी घ्या.

अपग्रेडमध्ये डेल्कोत बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल पॉइंट-कंडेन्सरची कटकट संपवतं. पण गाडीच्या अर्थप्रमाणेच (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते बघून) घ्या, आणि काढलेली पॉइंट प्लेट सेट करून डिकीत ठेवा, कारण मॉड्यूल गेलं की रस्त्यावर दुरुस्ती नाही. स्पिटफायरला मागे इलेक्ट्रिक पंप लावणार असाल, तर दाब ३ पीएसआयच्या आसपासच ठेवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप फ्लोटची सुई उचलून तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल ओतेल. आणि धडक बसल्यावर पंप तोडणारा इनर्शिया स्विच लावल्याशिवाय त्याची वायर जोडू नका.