टेलच्या भावाला काय हवं असतं?

साक्री तालुक्यात पांझरेच्या पाटाकडेला दोन चुलत भावांचं भांडण ऐकत परवा तासभर उभा होतो. थोरल्याचं शेत पाटाच्या तोंडाशी, धाकट्याचं टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला. पाण्याची पाळी संपली तरी थोरल्याकडचं बारं, म्हणजे शेतात पाणी घ्यायचं तोंड, अर्धं उघडंच राहिलं होतं. "जाऊ दे ना, भाऊबंदकीत कशाला वाढवतो?" असं थोरल्याचं चाललेलं. धाकटा चिखलात फावडं रोवून एकच धरून बसला होता, "मन्हं बी ऐकी ल्या, आबा."

एकाला विषय मिटवायचा होता, दुसऱ्याला आधी मांडायचा. लोक याला स्वभाव म्हणतात. मला तरी यात स्वभावापेक्षा शेताची जागा जास्त दिसते.

मानसशास्त्रज्ञ अॅडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी 2003 साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना दुसऱ्यावर आपली सत्ता चालली तो प्रसंग आठवायला लावला, काहींना आपल्यावर दुसऱ्याची चालली तो. मग एकेकाला खोलीत बसवलं. तिथं पंख्याचा झोत थेट अंगावर येत होता. पंखा बंद करायला किंवा फिरवायला सत्ता आठवलेलेच जास्त उठले. हात लावू नका, असं कुणालाच सांगितलेलं नव्हतं! (अशा सगळ्याच प्रयोगांवर डोळे झाकून विसंबू नये. छाती काढून उभं राहिलं की माणूस बदलतो, हा 2010 चा गाजलेला दावा पुढच्या तपासण्यांत टिकला नाही. 2016 मध्ये त्या अभ्यासाच्या मुख्य लेखिकेनंच त्यावरचा विश्वास काढून घेतला.)

टेलचा माणूस गप्प राहिला की 'त्याला काही पडलेलं नाही' असं म्हणून आपण मोकळे होतो. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. चुकवता न येणारे विजेचे धक्के बसलेली बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट असूनही जागची हलली नाहीत. हताशा शिकली जाते, असा अर्थ तेव्हा लावला गेला. 2016 मध्ये दोघांनी तो स्वतःच उलटा केला: दीर्घ त्रासात निपचित पडणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया, शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे.

एमिल ब्रुनो आणि रिबेका सॅक्स यांचा 2012 चा अभ्यास तर थेट त्या बांधावर नेऊन ठेवतो. इस्रायली-पॅलेस्टिनी, तसंच अॅरिझोनातले गोरे अमेरिकन आणि मेक्सिकन स्थलांतरित यांना त्यांनी एकमेकांशी बोलतं केलं. वरचढ गटाचं मन दुसऱ्याची बाजू ऐकून जास्त निवळलं, कमजोर गटाचं आपली बाजू समोरच्यानं ऐकल्यावर. म्हणजे 'दोघंही समजून घ्या' हा आपल्या पंचांचा ठेवणीतला सल्ला धाकट्याच्या फारसा कामाचा नाही. समजून घेण्यातच त्याचा जन्म गेलेला असतो.

गावानं मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या फड पद्धतीत पाणी पाटकरी आणि बारेकरी हे नेमलेले लोक सोडत, ज्याच्या त्याच्या मर्जीवर ते नसे. या पाटावर आता दोघंही उरलेले नाहीत.

शेवटी थोरला वैतागून म्हणाला, "बरं, किती वाफे राहिले सांग." धाकट्यानं फावडं उपटलं आणि मोजायला सुरुवात केली. गेल्या पाळीला वाळलेल्या दोन वाफ्यांपासून.