खुब्यातील वृद्धिपट्ट सरकणे

मांडीच्या हाडाचे गोल डोके आणि मान यांच्यामधला कूर्चेचा वाढीचा थर (वृद्धिपट्ट) कमकुवत होऊन दोहोंची जागा चुकण्याचा विकार. बहुधा ११ ते १४ वर्षांच्या, विशेषतः वजनदार मुलांत आढळतो; मुलींत थोडा आधी.

‘डोके सरकले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः डोके खुब्याच्या वाटीत जागच्या जागी राहते. मान पुढे व वर सरकते आणि पाय बाहेर वळतो. विकाराच्या पहिल्या उल्लेखाचे श्रेय सामान्यतः फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रवाझ पारे यांना दिले जाते व १५७२ हे साल सांगितले जाते. मात्र त्यांनी पाहिलेला विकार नेमका हाच की साधा अस्थिभंग, हे त्या काळच्या साधनांवरून ठरवणे अवघड. एर्न्स्ट म्यूलर यांनी १८८८ मध्ये ‘पौगंडावस्थेत मान वाकणे’ म्हणून केलेले वर्णन अधिक भरवशाचे मानावे. अर्थात तेही क्ष-किरणांच्या शोधापूर्वीचेच.

कारणांविषयी दोन मते आहेत. एक, वजनाचा भार व पट्टाचा तिरपा कल. दुसरे, अंतःस्रावी असमतोल : हॅरिस यांच्या उंदरांवरील प्रयोगांत (१९५०) वृद्धि-संप्रेरकाने पट्ट दुबळा, तर लिंग-संप्रेरकाने बळकट होत असल्याचे दिसले. दोन्ही कारणे एकत्र येत असावीत. रुग्ण दहा वर्षांखालील किंवा सडपातळ असल्यास अवटू (थायरॉइड) ग्रंथी व मूत्रपिंडे तपासणे इष्ट.

निदान चुकते ते गुडघ्यापाशी. खुब्याची वेदना अनेकदा मांडीत वा गुडघ्यात जाणवते. गुडघ्याचे क्ष-किरण चित्र निर्दोष निघते आणि मूल आठवडेच्या आठवडे लंगडत राहते. मुलाला उताणे झोपवून मांडी पोटाकडे दुमडली, की गुडघा सरळ छातीकडे न येता बाहेर, त्याच बाजूच्या काखेकडे वळतो (ड्रेहमान चिन्ह). समोरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात मानेच्या वरच्या कडेने ओढलेली रेषा एरवी डोक्याचा थोडा भाग छेदते. ती त्याला चाटून वा वरून गेली, तर संशय घ्यावा (क्लाइन रेषा). आरंभी मानेच्या तुलनेत डोके मागे गेलेले दिसत असल्याने बाजूने घेतलेले चित्र अधिक बोलके.

लोडर यांचे वर्गीकरण (१९९३) साधे आहे : कुबड्यांनी का होईना, चालता येते ती सरक स्थिर, येत नाही ती अस्थिर. अस्थिर प्रकारात डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका बराच मोठा, म्हणून अशा मुलाला उचलूनच न्यावे. स्थिर सरकेत आहे त्या जागी एक स्क्रू बसवतात. दुसऱ्या खुब्यावर पट्ट मिटेपर्यंत लक्ष ठेवतात.