ज्वारीचं बियाणं, कडक भाकरी आणि अनुदान : कुठला अर्ज कुठे द्यायचा

"गावात जुनी ज्वारी जपणारी चार-पाच घरं आहेत, आमचा गट कडक भाकऱ्या करून विकतो. आम्हाला अनुदान मिळंल का?" सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा असो, मोहोळ असो की अक्कलकोट, बचतगटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. मिळतं, पण एका अर्जावर नाही. सरकारच्या लेखी बियाणं जपणं हे एक काम आणि भाकरी विकणं हे दुसरं. पहिल्याचा पैसा जैवविविधता आणि वाण संरक्षणाच्या कायद्यांतून येतो, दुसऱ्याचा अन्नप्रक्रिया योजनेतून. दोन्ही एकाच प्रस्तावात कोंबले की एक कार्यालय म्हणतं हे कृषीचं, दुसरं म्हणतं हे ग्रामपंचायतीचं, आणि फाइल तशीच राहते. म्हणून आधी ठरवा, या वर्षी दोन्हींतलं कोणतं काम हातात घ्यायचं.

भाकरीचं आधी सांगतो, कारण तिथे बहुतेकांचा रस असतो.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. 'पीएमएफएमई' हे तिचं इंग्रजी लघुरूपच कार्यालयात चालतं. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. योजनेच्या 'एक जिल्हा एक उत्पादन' यादीत सोलापूरच्या वाट्याला ज्वारी आली आहे, त्यामुळे ज्वारीची कडक भाकरी, रवा, पोहे, लाह्या करणाऱ्यांना इथे प्राधान्य सांगता येतं. योजना पाच वर्षांची होती, तिला २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. त्यामुळे कागद जमवायला लागण्याआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात एकच प्रश्न विचारा : योजना अजून सुरू आहे का, आणि चालू वर्षाचं उद्दिष्ट, म्हणजे मंजूर करायच्या अर्जांचा आकडा, शिल्लक आहे का?

योजनेत गटाच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक बीज भांडवल, म्हणजे धंद्याचं सुरुवातीचं भांडवल (बियाण्याशी त्याचा संबंध नाही), दुसरी कर्जाशी जोडलेलं अनुदान.

बीज भांडवल सदस्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत मिळतं. ग्रामीण भागात ते 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून, प्रभागसंघ आणि ग्रामसंघ या बचतगटांच्या संघांच्या वाटेनं गटाकडे येतं. यासाठी सदस्य आधीपासून अन्नप्रक्रियेत असावी लागते. "सुरू करणार आहे" एवढं पुरत नाही. घरी भाकऱ्या थापून सोलापूरच्या दुकानात देत असाल तर तेही काम धरलं जातं, फक्त माल दिल्याच्या चिठ्ठ्या, वहीतली नोंद असं काहीतरी दाखवता आलं पाहिजे. आता खरी मेख. हे पैसे संघाला अनुदान म्हणून येतात, पण सदस्याच्या हातात कर्ज म्हणून पडतात. तिनं ते हप्त्यानं परत करायचे, म्हणजे ते पुढच्या बाईला फिरवता येतात. "चाळीस हजार माफ" अशी हाक देऊन अर्ज भरून घेतले की सहा महिन्यांनी गटात भांडणं ठरलेली. हे पैसे खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी आहेत : ज्वारीची पोती, परात, तवे, पॅकिंगचं यंत्र. खोली बांधायला चालत नाहीत.

मोठं यंत्र, चक्की, शेड असेल तर दुसरा रस्ता. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, वैयक्तिक उद्योगाला कमाल १० लाख रुपये. किमान १० टक्के स्वतःचे, बाकी बँकेचं कर्ज. अर्जदार १८ वर्षांवरचा हवा आणि एका कुटुंबातून एकच. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. जागेची किंमत खर्चात धरत नाहीत.

आकडा मांडून बघू. समजा यंत्र आणि शेड मिळून ६ लाखांचा प्रकल्प. तुमचे ६० हजार, बँकेचं कर्ज ५ लाख ४० हजार. अनुदान २ लाख १० हजार, पण ते तुमच्या खात्यावर येत नाही. बँक ते वेगळ्या खात्यात ठेवते आणि तेवढ्या रकमेवर व्याज लावत नाही, म्हणजे व्याज ३ लाख ३० हजारांवर. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून ३ वर्षं खातं थकलं नाही आणि उद्योग सुरू राहिला, तरच ते कर्जात वळतं होतं. मधेच शटर पाडलं तर अनुदान हातचं गेलं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, कागदांच्या आधी बँकेच्या शाखेत जाऊन या. मॅनेजर कर्जाला तयार नसेल तर कृषी कार्यालय काही करू शकत नाही.

अर्ज योजनेच्या केंद्रीय पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. तो भरायला आणि प्रकल्प अहवाल करायला प्रत्येक जिल्ह्यात 'जिल्हा संसाधन व्यक्ती' नेमलेल्या आहेत. त्यांचं मानधन शासन देतं. तुमच्याकडून कुणी "फाइलचे पैसे" मागितले तर देऊ नका, सरळ कृषी कार्यालयात सांगा.

कागदांचं थोडं सविस्तर, कारण अर्ज बहुतेक इथेच अडकतात. आधार, पॅन, पासबुक आणि मागच्या सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, जागेचा सातबारा किंवा आठ-अ, जागा भाड्याची असेल तर भाडेकरार, लाइट बिल, यंत्राचं दरपत्रक, प्रकल्प अहवाल. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत होते. लहान उत्पादकाला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते, मोठा परवाना लागत नाही. यातलं अवघड काहीच नाही. अवघड आहे ते नाव. आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, पासबुकावर नुसतंच "शांताबाई". तीन कागदांवर तीन बायका! पोर्टलवर पडताळणी इथेच थांबते. नावाची दुरुस्ती व्हायला आठवडे जातात, म्हणून दरपत्रक मागवण्याआधी दहाही जणींचे कागद एका ओळीत मांडा आणि स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. दुसरी अडचण जागेची. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असतो आणि शेड सुनेच्या अर्जात. अशा वेळी सासऱ्यांकडून रीतसर भाडेकरार करून घ्या. घरातल्या घरात कसला करार म्हणून हसू नका, बँक तोच मागते.

पिशवीवर 'मंगळवेढा ज्वारी' छापायचा विचार असेल तर एक गोष्ट. या ज्वारीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालाच्या नावाला कायद्याचं संरक्षण, आहे. मानांकनाचं चिन्ह लावायचं तर उत्पादक म्हणून अधिकृत वापरकर्ता नोंदणी करावी लागते. नुसता मंगळवेढ्यात राहतो म्हणून चालत नाही.

बियाणं जपण्याचा मार्ग

इथे पैसा थोडा आहे आणि वाट लांब आहे, पण गावाचं नाव होतं ते यातूनच.

पहिलं दार ग्रामपंचायतीतच आहे. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तुमच्याही गावात असेल, बहुधा फलकावर आणि फाइलीत. ग्रामसेवकांना विचारून सदस्यांची नावं घ्या. एखाद्या सदस्याला आपण सदस्य आहोत हे त्या दिवशी कळलं तर नवल नाही. या समितीनं लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते : गावातली पिकं, वाण, गवतं, झाडं, जनावरं आणि त्यांची माहिती असणारी माणसं. कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीचीही तरतूद आहे आणि तो संवर्धनासाठीच खर्च करायचा आहे. प्रस्ताव समितीमार्फत नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे जातो. सोबत ग्रामसभेचा ठराव, समिती स्थापनेचा ठराव, समितीच्या बँक खात्याचा तपशील, नोंदवहीची संबंधित पानं आणि खर्चाचं साधं अंदाजपत्रक जोडा. ठरावात "बियाणे बँक करण्यात यावी" एवढंच लिहू नका. कुठल्या खोलीत, कोण सांभाळणार, किती वाण, बियाणं घेणाऱ्यानं किती परत करायचं, हे लिहा.

संवर्धन म्हटलं की आपल्याकडे झाडं लावण्याचा प्रस्ताव तयारच असतो. गवताळ माळावर राहणाऱ्या माळढोक पक्ष्याच्या नान्नज अभयारण्याचा हा जिल्हा. माळरानावर खड्डे खणून गुलमोहर लावणं म्हणजे तिथलं गवत आणि त्यावर जगणारं सगळं मारणं. गायरानासाठी प्रस्ताव करायचा तर गवताचा करा.

दुसरं दार दिल्लीचं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ खालचं प्राधिकरण दरवर्षी वाण जपणाऱ्या समुदायांना प्रत्येकी १० लाखांचे, जास्तीत जास्त ५ पुरस्कार देतं. एकट्या शेतकऱ्यासाठी दीड लाखाचे आणि १ लाखाचे वेगळे आहेत. याला अनुदान म्हणता येणार नाही, कारण हा केलेल्या कामाचा मान आहे, करणार असलेल्या कामाचा खर्च नाही. अर्जावर जैवविविधता समितीची, जिल्हा कृषी अधिकाऱ्यांची किंवा कृषी विद्यापीठाची शिफारस लागते. म्हणून वर सांगितलेली समिती आधी जागी करायची.

याच कायद्याखाली शेतकऱ्याचा वाण नोंदवता येतो आणि शेतकऱ्याला त्याचं शुल्क नाही. पण इथे एक चूक वारंवार होते. सोलापुरात ज्वारी म्हटली की मालदांडी, आणि लोक तीच नोंदवायला निघतात. एम ३५-१ ही मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेली, प्रसारित झालेली जात आहे. ती तुमची म्हणून नोंदवता येणार नाही. घरात पिढ्यान् पिढ्या राखलेली हुरड्याची गूळभेंडी किंवा कुचकुची असेल, तिचं कणीस, दाणा, पानाचा रंग शेजारच्या वाणापेक्षा वेगळा आणि दरवर्षी तसाच येत असेल, तर बोलायला जागा आहे. खात्री नसेल तर शेलगीच्या रब्बी ज्वारी संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात कणसं घेऊन जा.

या अर्जाला फोटो आणि वर्णन लागतं, आणि ते दाणे डब्यात भरल्यावर करता येत नाही. पेरणीची तारीख, फुलोरा कधी आला, ताटाची उंची, कणीस गच्च की मोकळं, पिकाला किती दिवस लागले, हे सगळं उभ्या पिकातच मोजावं लागतं. हस्त नक्षत्रात पेरलेल्या ज्वारीचा हुरडा पौष-माघात येतो. वही, टेप आणि मोबाइल घेऊन तेव्हा रानात जा, आणि बियाण्यासाठीची कणसं काढणीच्या आधी वेगळी बांधून ठेवा. नाहीतर हुरड्याच्या पार्टीत तीच आधी भाजली जातात.